काम थांबलं तर घर किती वर्षं चालेल?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, दोघांची चाळिशी नुकतीच उलटली आहे. सासू-सासरे त्यांच्याकडेच असतात आणि बारा वर्षांची एक मुलगी आहे. दोघांची मिळून मिळकत देशातल्या सर्वसाधारण कुटुंबाच्या अडीचपट भरते. राहतं घर स्वतःचं, पण त्यावरच्या कर्जाचे हप्ते अजून अकरा वर्षं चालणार. नातेवाईक त्यांना श्रीमंत समजतात आणि इकडे महिन्याचे शेवटचे आठ दिवस ओढाताणीत जातात. आता मुलीने विचारलंय, "आपण श्रीमंत आहोत का?" तिला काय सांगावं हे दोघांनाही सुचत नाहीये.

मी गेली सव्वीस वर्षं कुटुंबांच्या आर्थिक नियोजनाचं काम करते. हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं. बहुतेक जण विचारताना थोडे संकोचतात, जणू पैशाबद्दल असं सरळ बोलणं बरं नव्हे. मला तो फार चांगला प्रश्न वाटतो, कारण त्याचं उत्तर चुकलं की माणसं चुकीची कर्जं काढतात, चुकीच्या नोकऱ्यांत अडकून राहतात आणि स्वतःपेक्षा कितीतरी अडचणीत असलेल्यांना "आमचंही तुमच्यासारखंच आहे" असं ऐकवतात.

तुमच्यापुरतं उत्तर आधी देते. तुम्ही मध्यमवर्गीय आहात, मिळकत चांगली असलेले मध्यमवर्गीय. तसं का म्हणते ते आता सविस्तर.

अभ्यासक मंडळी मध्यमवर्ग आणि श्रीमंत यांच्यातली रेषा कशी आखतात ते पाहू, कारण नातेवाईकांच्या डोक्यात नकळत तेच माप असतं. देशातली सगळी कुटुंबं मिळकतीच्या क्रमाने एका रांगेत उभी केली, तर बरोबर मधोमध जे कुटुंब येईल त्याच्या मिळकतीला मध्यक म्हणतात. सरासरी न घेता मध्यक घेण्याचं कारण असं की मूठभर लोकांच्या प्रचंड मिळकतीने सरासरी वर खेचली जाते, मध्यक मात्र जागचा हलत नाही. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, २०१९ च्या अहवालात मध्यकाच्या ७५ टक्क्यांपासून २०० टक्क्यांपर्यंतच्या मिळकतीला मध्यमवर्ग मानलं. अमेरिकेतली प्यू ही संशोधन संस्था मध्यकाच्या दोन तृतीयांशापासून दुपटीपर्यंत धरते. म्हणजे दोन्हीकडे वरची रेषा दुपटीवर आहे. तुम्ही अडीचपट, म्हणून या मापाने पलीकडे गेलात असं वाटेल.

पण या मापातली एक पायरी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. कुटुंबात माणसं किती, हे पाहून मिळकत आधी सारखी करून घ्यावी लागते. त्यासाठी साधारणपणे माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागतात. चार माणसांच्या घराची मिळकत दोनने, नऊ माणसांच्या घराची तीनने. माणसं वाढली तरी छप्पर एकच, चूल एकच, त्यामुळे खर्च माणसांच्या प्रमाणात वाढत नाही, हा त्यामागचा विचार. तुमच्या घरात पाच माणसं आहेत. ज्या सर्वसाधारण कुटुंबाशी तुलना चालली आहे ते तीन माणसांचं धरलं, तर तुमचे अडीचपट उतरून १.९४ पट होतात. सासू-सासऱ्यांना मोजल्याबरोबर तुम्ही रेषेच्या अलीकडे आलात! मिळकतीत एका पैशाचाही फरक पडलेला नाही. नातेवाईक तुमचे दोन पगार मोजतात, त्या पगारांवर जेवणारी पाच माणसं मोजत नाहीत.

तरीही ही व्याख्या मला पुरत नाही. ती मिळकतीची आहे, आणि श्रीमंती हा मिळकतीचा गुण नव्हे. २०२२ च्या जागतिक विषमता अहवालात हे स्पष्ट दिसतं. जगातल्या प्रौढांची तीन भागांत विभागणी केली आहे: खालचे ५० टक्के, मधले ४० टक्के आणि वरचे १० टक्के. मधल्या ४० टक्क्यांकडे जगातली ३९.५ टक्के मिळकत जाते, म्हणजे जवळपास त्यांच्या संख्येइतकाच वाटा. पण संपत्तीत मात्र त्यांचा वाटा २२ टक्केच. वरच्या १० टक्क्यांकडे मिळकत ५२ टक्के आणि संपत्ती ७६ टक्के. खालच्या अर्ध्या जगाकडे मिळकतीतले ८.५ टक्के आणि संपत्तीतले जेमतेम २. मधल्या वर्गाच्या हातात पैसा येतो, पण तो थांबत नाही. हप्त्यांतून, शाळेच्या फीमधून, आजारपणातून निघून जातो. श्रीमंतांच्या घरी तो मुक्कामाला राहतो.

संपत्ती सांभाळणाऱ्या बँका आणि सल्लागार कंपन्यांचं आणखी एक माप आहे. गुंतवता येण्याजोगी मालमत्ता दहा लाख डॉलर असेल तर माणूस श्रीमंत, तीन कोटी डॉलर असेल तर अतिश्रीमंत. त्यातली एक गोष्ट मला पटते: राहतं घर, घरातल्या वस्तू आणि संग्रहातल्या मौल्यवान चीजा ते मोजतच नाहीत. ज्या घरात तुम्ही झोपता ते विकून तुम्ही जेवणार नाही, हे त्यांना बरोबर कळलंय. न पटणारी गोष्ट म्हणजे हा एकच आकडा सगळ्यांना लावला जातो. ज्याचा घरखर्च कमी त्याला तेवढ्यात जन्म काढता येईल, आणि ज्याचा अफाट त्याला ते पैसे चार वर्षंही पुरणार नाहीत.

म्हणून मी वेगळा प्रश्न विचारते. आज घरातल्या सगळ्यांनी काम थांबवलं, तर आहे तसं घर किती वर्षं चालेल? उत्तर वर्षांत द्यायचं, पैशात नाही.

हा प्रश्न मला एका शल्यचिकित्सकाने शिकवला, त्यांच्या नकळत. त्या वर्षी माझ्याकडे येणाऱ्यांत त्यांची मिळकत सगळ्यांत जास्त होती. मोठं घर, दोन गाड्या, स्वतःचं रुग्णालय, त्यात नवी यंत्रसामग्री. घर आणि यंत्रं दोन्ही कर्जावर. जिन्यावरून पाय घसरला, उजवं मनगट मोडलं आणि सात महिने शस्त्रक्रिया बंद झाल्या. हप्ते मात्र चालूच राहिले, कर्मचाऱ्यांचे पगारही. अकराव्या आठवड्यात ते माझ्यासमोर गुंतवणूक मोडण्याचा अर्ज घेऊन बसले. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्या हाताने सही केली. सही जुळत नाही म्हणून अर्ज परत आला. पुन्हा केली, पुन्हा परत. शेवटी दोन साक्षीदारांसमोर डाव्या हाताचा अंगठा उमटवला, तेव्हा पैसे निघाले. अंगठ्याची शाई कापसाने पुसता पुसता ते म्हणाले, "मला वाटत होतं आपण श्रीमंत आहोत."

त्यांची खरी मालमत्ता तो उजवा हात होता. अर्थशास्त्रात याला मानवी भांडवल म्हणतात: पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत कामातून जे कमावता येईल त्याचं आजचं मोल. मध्यमवर्गाची सर्वांत मोठी मालमत्ता हीच असते, बँकेतल्या शिलकीपेक्षा आणि बहुधा घरापेक्षाही मोठी. पण ती विकता येत नाही, ठेव म्हणून ठेवता येत नाही, मुलांच्या नावावर करता येत नाही, आणि दर वाढदिवसाला थोडी आटते. आजारपण, अपघात, कंपनी बंद पडणं, यांपैकी एकाने ती एका दिवसात नाहीशी होऊ शकते. ज्याच्या मालमत्तेचा मोठा भाग स्वतःच्या अंगात आहे तो मध्यमवर्गीय, मग पगार कितीही असो. ज्याच्या मालमत्तेचा मोठा भाग अंगाबाहेर आहे आणि तो झोपेत असतानाही कमावतो, तो श्रीमंत. मला सापडलेली सगळ्यांत खरी रेषा ही आहे.

आता किती वर्षं म्हणजे श्रीमंती? इथे अंदाजाने बोलायची गरज नाही, यावर चांगलं काम झालेलं आहे. विल्यम बेंगेन या अमेरिकी नियोजकाने १९९४ मध्ये एक हिशेब मांडला. १९२६ पासूनचे तिथल्या शेअर आणि रोख्यांचे आकडे घेऊन त्याने पाहिलं की निवृत्त माणसाने पहिल्या वर्षी पुंजीतून किती टक्के काढले आणि पुढे दर वर्षी महागाईइतकी वाढ घेतली, तर पैसे किमान तीस वर्षं टिकतात. उत्तर आलं साधारण ४ टक्के. १९९८ मध्ये ट्रिनिटी विद्यापीठातल्या तीन प्राध्यापकांच्या अभ्यासातूनही तसंच काहीसं निघालं. चार टक्के म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट पुंजी.

मी स्वतः पंचवीसवर थांबत नाही. बेंगेनचे आकडे एकाच देशाच्या, एकूणात भरभराटीच्या इतिहासाचे आहेत, आणि हिशेब तीस वर्षांचा आहे. पंचेचाळिशीत काम थांबवणाऱ्याला पन्नास वर्षं काढायची असू शकतात. शिवाय वाईट वर्षं सुरुवातीला आली की सगळं गणित कोलमडतं. समजा खर्च वर्षाला १०० आणि पुंजी २५००. पहिल्याच वर्षी बाजार पडून पुंजी ३० टक्क्यांनी घसरली, तर उरली १७५०. त्यातून खर्चाचे १०० काढले की १६५०. पुढच्या वर्षी तेच १०० म्हणजे पुंजीच्या सहा टक्क्यांहून जास्त. घसरण हीच, पण ती विसाव्या वर्षी आली असती तर एवढी लागली नसती. म्हणून मी तीस ते पस्तीसपट धरते. बसून खाल्लं तर कुबेराचंही संपतं असं आपण म्हणतो. पस्तीसपटीला ते संपण्याची भीती बरीच कमी होते, इतकंच.

एक वर्ष आणि तीस वर्षं यांच्या मधे मोठा प्रदेश आहे, आणि बहुतेक वाद त्या प्रदेशात राहणाऱ्यांबद्दलच असतात. मराठीने यासाठी शब्द करून ठेवले आहेत, ते आपण आळसाने एकमेकांत मिसळतो. हातातोंडाची गाठ असलेलं घर काही आठवड्यांत अडतं. खाऊनपिऊन सुखी घर एखाद-दोन वर्षं तग धरतं. सुखवस्तू हा फार नेमका शब्द आहे. मी तो दहा ते पंचवीस वर्षं चालू शकणाऱ्या घरासाठी वापरते. सुखवस्तू घराला नोकरी गेल्याची झळ लागते, पण घर विकावं लागत नाही, मुलाचं शिक्षण थांबत नाही. तरी त्यांना पुन्हा कामाला लागावंच लागतं. श्रीमंताला लागत नाही. आणि गर्भश्रीमंत म्हणजे ज्याच्या नातवंडांनाही लागत नाही.

आता तुमचा हिशेब. तुम्ही पाठवलेले आकडे मी सोयीसाठी अशा प्रमाणात आणले आहेत की तुमचा वर्षाचा एकूण खर्च १०० यावा. त्यातले ३० घराच्या हप्त्यांचे. गुंतवणूक आणि ठेवी मिळून २४०. घराची आजची किंमत ९००, कर्ज बाकी २३०. नातेवाईक पाहतात ते असं: २४० अधिक ९००, वजा २३०, म्हणजे ९१०. नऊ वर्षांच्या खर्चाइतकी मालमत्ता! सुखवस्तू होण्याच्या उंबरठ्यावर.

पण घर बाजूला ठेवा. हाताशी राहतात २४०, म्हणजे दोन वर्षं आणि पाच महिने. त्या काळात हप्तेही भरले जातील असं धरून. किंवा दुसऱ्या वाटेने पाहा: आजच कर्ज फेडून टाकलं, तर २४० मधून २३० गेले, उरले १०. खर्च १०० वरून ७० वर आला. दहा भागिले सत्तर, म्हणजे दोन महिन्यांहून कमी. दोन्ही उत्तरं खरी आहेत. पाच माणसांचं घर, उत्तम पगार, स्वतःची जागा, आणि तरी काम थांबलं तर जेमतेम अडीच वर्षं. महिन्याच्या शेवटच्या आठ दिवसांत वाटणारी ती ओढाताण खोटी नाहीये. तुम्ही उधळे आहात म्हणून ती येत नाही. तुमची संपत्ती भिंतींत चिणलेली आहे म्हणून येते.

यात निराश होण्यासारखं काही नाही. अकरा वर्षांनी हप्ते संपतील. तोवर आज टाकता तेवढीच बचत, वर्षाला १८, टाकत राहिलात आणि महागाई वजा जाता तीन टक्के परतावा मिळाला, तर २४० चे सुमारे ५६० होतील. खर्च तेव्हा ७०. म्हणजे आठ वर्षं. आज अडीच, तेव्हा आठ. मुलगी तेवीस वर्षांची असेल. तिच्या उच्च शिक्षणाचा खर्च यातून वजा होईल, हे मात्र आत्ताच धरून ठेवा.

मिळकत आणि श्रीमंती यांची फारकत नीट दाखवणारं एक उदाहरण मी जवळजवळ प्रत्येकाला कागदावर करून दाखवते. एका घराची वर्षाची मिळकत ३००, खर्च २७०, बचत ३०. दुसऱ्याची मिळकत निम्मी, १५०, खर्च ९०, बचत ६०. महागाई वजा जाता तीन टक्के परतावा धरला, तर पंधरा वर्षांनी पहिल्याकडे ५५८ जमतात आणि दुसऱ्याकडे १११६. पण खरा फरक भागाकारात आहे. पहिल्याचे ५५८ भागिले २७०, दोन वर्षं. दुसऱ्याचे १११६ भागिले ९०, बारा वर्षांहून जास्त. याच गतीने दुसरं घर सुमारे २९ वर्षांत स्वतःच्या खर्चाच्या तीसपट गाठतं. पहिल्याला ७५ वर्षं लागतात, म्हणजे त्या पिढीला ते जमतच नाही. खर्च या गणितात दोनदा येतो: तो बचत कमी करतो आणि गाठायचा आकडाही वाढवतो. पगारवाढ झाली की खर्चही तेवढाच वाढवणाऱ्या घरापासून ती रेषा दर वर्षी तेवढीच पुढे सरकते.

इथे एक सावधगिरी. खर्च दाबून आकडा फुगवायचा, ही श्रीमंती नव्हे. दातदुखी अंगावर काढणारा, मुलांना सहलीला न पाठवणारा माणूस तीसपटीला पोहोचला असेल, पण त्याने भाजक खोटा धरला आहे. खर्च म्हणजे माणसासारखं जगण्याचा खर्च, त्यात औषधपाणी, घराची डागडुजी, दर आठ-दहा वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या वस्तू, अडल्या-नडल्या माणसाला दिलेला हात, सगळं आलं. उलट बाजूने, महागाईबरोबर वाढणारं आजन्म निवृत्तिवेतन ज्याला आहे, त्याने ते खर्चातून वजा करून उरलेल्या खर्चाचीच पटी काढावी. अशी कितीतरी माणसं स्वतःला उगाच दुबळी समजत असतात.

ही रेषा देशादेशांत वेगळ्या उंचीवर का असते, याचंही उत्तर यातच आहे. जिथे मोठ्या आजारपणाचा आणि शिक्षणाचा भार सार्वजनिक व्यवस्था उचलते, तिथे घराला स्वतःची उशी तेवढी जाड लागत नाही. कमी पुंजीतही माणूस निर्धास्त राहतो. जिथे सगळं स्वतःच्या खिशातून, तिथे चांगली सुखवस्तू घरंही एका शस्त्रक्रियेने दहा वर्षं मागे जातात. हे मी फायलींमध्ये पुन्हा पुन्हा पाहिलं आहे आणि दर वेळी तितकाच त्रास होतो, कारण त्या माणसांनी नियोजनात काहीच चूक केलेली नसते.

मग सगळेच स्वतःला मध्यमवर्गीय का म्हणवतात? अर्जेंटिनातल्या ब्यूनोस आयर्स शहर आणि परिसरातल्या कुटुंबांना संशोधकांनी विचारलं होतं की मिळकतीच्या रांगेत तुम्ही कुठे असाल असं वाटतं. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब घरांपैकी बऱ्याच जणांनी स्वतःला होतं त्याहून वर ठेवलं, सधनांपैकी बऱ्याच जणांनी खाली. कारण सरळ आहे. आपण आपल्यासारख्यांतच वावरतो, आणि त्यांच्यात आपण मधोमध असतो. शेजाऱ्याची चढ मात्र लगेच दिसते. नेदरलँड्समध्ये टपाल-क्रमांकावर निघणारी एक लॉटरी आहे. एका गल्लीतल्या तिकीट घेतलेल्या घरांना एकदम बक्षीस लागतं, आणि अभ्यासाच्या काळात त्या बक्षिसात नवी गाडीही असे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की बक्षीस न लागलेल्या शेजाऱ्यांनीही त्यानंतर गाड्या घेण्याचं प्रमाण वाढलं. त्यांच्या मिळकतीत काहीच बदललं नव्हतं. तुमच्या नातेवाईकांना तुमचं घर दिसतं, तुम्हाला तुमच्या वरिष्ठांचं घर दिसतं, आणि हप्ता कुणाचाच कुणाला दिसत नाही.

वर्षांच्या हिशेबाखेरीज आणखी एक खूण मी पाहते. ती मोजता येत नाही, पण एकदा पाहिली की विसरता येत नाही. एक ग्रंथपाल बाई माझ्याकडे आल्या होत्या. पगार बेताचा, कर्ज नाही, आई-वडिलांकडून आलेली थोडी जमीन विकून तीस वर्षं शांतपणे गुंतवलेली. सोबत शाळकरी वही होती, एकरेघी. त्यात प्रत्येक महिन्याचा खर्च एका ओळीत. त्यांच्यावर एक बिल मंजूर करण्यासाठी दबाव होता, कधीच न आलेल्या पुस्तकांचं बिल. सही केली नाही तर नोकरीत राहणं कठीण होतं. त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं की राजीनामा दिला तर मी किती दिवस जगू शकेन. आम्ही दोघींनी वहीतून हिशेब काढला. एकतीस वर्षं. त्यांनी तो आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहिला, त्याखाली रेघ मारली आणि पुढच्या आठवड्यात राजीनामा दिला. त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणी आजही त्यांना मध्यमवर्गीयच समजतात. माझ्या मते त्या शल्यचिकित्सकापेक्षा कितीतरी श्रीमंत होत्या.

त्याच दबावाखाली आणखी कुणी सही करून मोकळा झाला असता, तर मी त्याला लगेच दोष देणार नाही. दोन महिन्यांची शिलक आणि घरात दोन मुलं असलेल्या माणसाला "नाही" हा शब्द फार महाग पडतो. वाट पाहणंही तसंच. पडत्या बाजारात विकावं लागणं, मनासारखी नोकरी येईपर्यंत थांबता न येणं, वाईट वागणाऱ्या वरिष्ठाखाली राहावं लागणं: मध्यमवर्गाला याची जी किंमत मोजावी लागते ती कुठल्याही अहवालात येत नाही. दोन-तीन वर्षांची शिलकही यातलं बरंच काही बदलते, म्हणून श्रीमंत व्हायचं नसलं तरी ती जमवावी असं मी सगळ्यांना आग्रहाने सांगते.

तुम्ही लगेच करण्यासारख्या गोष्टी फार नाहीत. कमावणारी दोन माणसं आहात आणि अवलंबून असलेली तीन, म्हणून दोघांच्या नावावर पुरेसा शुद्ध जोखमीचा आयुर्विमा (टर्म इन्शुरन्स) आहे का ते आधी पाहा, आणि काम करण्याची क्षमता गेली तर उत्पन्न देणारा विमाही. तो उजवा हात आठवा. हातातले २४० ओतून कर्ज फेडून टाकण्याचा मोह होईल. माझा सल्ला आहे की किमान एका वर्षाचा खर्च मोकळा ठेवल्याशिवाय तसं करू नका. कर्जात भरलेला पैसा गरजेच्या दिवशी सहसा परत मागता येत नाही. मोठं घर घेण्याचा विचार तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिला आहे. तो हप्ते संपेपर्यंत तरी बाजूला ठेवा.

आणि मुलीचा प्रश्न. बारा वर्षांच्या मुलीला भागाकार येतो. एका रविवारी तिला सोबत घेऊन बसा, वर्षाचा खर्च तिलाच जुळवायला सांगा, शिलकीला त्याने भागायलाही तिलाच सांगा. मग म्हणा, आई-बाबांनी उद्या काम थांबवलं तर आपलं घर दोन वर्षं पाच महिने चालेल. जगातल्या बहुतेक घरांपेक्षा हे जास्त आहे आणि श्रीमंतांपेक्षा खूप कमी. ती पुढे विचारेल की आजी-आजोबा धरून का, आणि तुम्ही तिला दाखवू शकाल की हो, त्यांची औषधंही त्याच खर्चात आहेत.